ट्रॉग्लोबाइट म्हणजे नेमकं कोण?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. गुहांमधल्या जिवांचा विषय काढला आणि ‘ट्रॉग्लोबाइट’ म्हटलं, की पुढचा प्रश्न ठरलेला: म्हणजे वटवाघळं ना?

नाही. वटवाघूळ गुहेत झोपतं, पिलं वाढवतं, पण पोटासाठी त्याला बाहेर यावंच लागतं. ट्रॉग्लोबाइटचा अख्खा जन्म जमिनीखालीच जातो, बाहेर तो तगतच नाही. ग्रीकमध्ये ‘ट्रोग्ले’ म्हणजे बीळ आणि ‘बिओस’ म्हणजे जीवन.

हा शब्द जन्मला तो आजच्या स्लोव्हेनियातल्या गुहांच्या अभ्यासातून. तिथल्या पोस्तोयना गुहेत १८३१ मध्ये तिथे दिवे लावणाऱ्या लुका चेच याला एक आंधळा, लांब पायांचा भुंगेरा मिळाला. पुढच्याच वर्षी निसर्ग-अभ्यासक फर्डिनांड श्मिट यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलं. असे जीव सापडत गेले, तसे ऑस्ट्रियाचे कीटकतज्ज्ञ शीनर यांनी १८५४ मध्ये गुहेतल्या प्राण्यांचे गट पाडले: कायमचे रहिवासी (हेच ट्रॉग्लोबाइट), गुहा मानवणारे आणि चुकूनमाकून आलेले. रुमानियाचे जीवशास्त्रज्ञ एमिल राकोवित्झा यांनी १९०७ मध्ये ही मांडणी पक्की केली. हे राकोवित्झा ‘बेल्जिका’ जहाजावरून अंटार्क्टिकालाही जाऊन आले होते, आणि १९२० मध्ये रुमानियातल्या क्लुजला गुहाविज्ञानाची जगातली पहिली संस्था त्यांनीच उभारली. मला या माणसाबद्दल फार आदर आहे.

भूजलात राहणाऱ्यांना मात्र ‘स्टिगोबाइट’ म्हणतात. हे नाव ग्रीक पुराणातल्या पाताळाच्या स्टिक्स नदीवरून आलं.

आणि हे सगळं युरोपातच आहे असं समजू नका. केरळात जांभ्या दगडात खोदलेल्या घरगुती विहिरींतून बोटाएवढे, लालसर, आंधळे मासे वर येतात. त्यातला ‘होराग्लानिस कृष्णाई’ १९५० मध्येच विज्ञानाला कळला. २०२३ मध्ये याच कुळीतल्या नव्या जातीला ‘होराग्लानिस पॉप्युली’ म्हणजे ‘लोकांचा’ असं नाव दिलं, कारण विहिरीत काय दिसलं ते संशोधकांना गावकऱ्यांनीच कळवलं होतं.

जांभा आपल्या कोकणातही आहे. विहीर उपसताना असा बिनडोळ्यांचा मासा दिसला तर तो फेकू नका. फोटो काढा, जागा लिहून ठेवा आणि जवळच्या कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या शिक्षकांना दाखवा.