ताइता-तावेता (केनिया): सलाइताचा माथा सोडा, पायथा बघा

पहिल्या महायुद्धातल्या लढाईची सलाइता टेकडी बघायला जाणार असाल तर आधी हे वाचा. आम्हाला भेटलेल्या वाटाड्याने "अर्धा तास, सपाट वाट" सांगून सरळ माथ्याकडे नेलं, वर परमिटच्या नावाखाली माणशी 2000 शिलिंग मागितले आणि पावती मागितल्यावर विषयच बदलला. पावती नाही तर पैसे नाहीत, एवढं ठाम राहा. टेकडी ठेंगणीच आहे पण खालची काटेरी झुडपं भयंकर, हात सोलून निघतात, सावली शून्य, त्यामुळे फुल बाह्या आणि माणशी तीन लिटर पाणी हवंच, आणि सकाळी नऊच्या आत परत रस्त्यावर या.

मुख्य म्हणजे माथ्यावर बघण्यासारखं काही नाही. ऑगस्ट 1914 मध्ये जर्मनांनी त्यांच्या वसाहतीच्या (आजच्या टांझानियाच्या) सरहद्दीवरचं ब्रिटिशांचं तावेता घेतलं आणि सलाइतावर मोर्चेबंदी केली. 12 फेब्रुवारी 1916 ला ब्रिटिश तोफांनी माथा भाजून काढला, पण खरे खंदक होते पायथ्याच्या झाडीत! ब्रिटिशांकडच्या नवख्या दक्षिण आफ्रिकन पलटणी थेट त्या माऱ्यात सापडल्या आणि मागे फिरल्या, आणि त्यांची माघार सांभाळली 130व्या बलुची पलटणीने, म्हणजे ज्या हिंदी सैनिकांना हेच गोरे कुली म्हणत होते त्यांनी. हे वाटाड्याने एका शब्दाने सांगितलं नाही, मला त्याचा पैशांपेक्षा जास्त राग आला. म्हणून पायथ्याशीच थांबा, मोकळ्या मैदानाकडे तोंड करून उभं राहा, हल्ला का फसला ते लगेच कळतं.

वोई-तावेता रस्त्यावरचं मक्ताऊ अजिबात चुकवू नका. तिथे हिंदी सैनिकांची दफनभूमी आहे, प्रवेश फुकट, कुणी तिकीट मागितलं तर देऊ नका. पाणी आणि रसद पोचवायला 1915 मध्ये वोईहून इथपर्यंत रेल्वे टाकली होती, पुढे ती सरहद्दीपलीकडे मोशीकडे गेली.

कासिगाऊ डोंगराखालच्या गावांना वेळ असेल तरच जा, लांब पडतं, पण तिथल्या म्हाताऱ्यांशी बोला. जर्मनांना मदत केल्याच्या संशयावरून ब्रिटिशांनी 1915 मध्ये तिथल्या लोकांना उचलून किनाऱ्यावरच्या मालिंदीकडे नेलं, मलेरिया आणि उपासमारीने कितीतरी मेले, परतायची परवानगी मिळाली 1936 मध्ये. रणांगणाच्या टूरवाले सेनापतींची नावं घडाघडा सांगतात, या लोकांबद्दल चकार शब्द नाही, हे मला अजिबात पटलं नाही.

तावेताजवळचं लेक चाला हे सरोवर छान आहे.

जायचं कसं: मोंबासा किंवा नैरोबीहून सगळ्या स्टेशनांवर थांबणारी सकाळची ट्रेन पकडून वोई, तिथून तावेतापर्यंत साधारण 110 किलोमीटर डांबरी रस्ता, माताटू (वडापसारख्या मिनीबस) मिळतात. वोईत अख्खी गाडी ठरवू नका, आमच्याकडून अव्वाच्या सव्वा घेतले. तावेतात मुक्काम करा आणि तिथून मोटरसायकलवाला घ्या, भाडं येण्या-जाण्याचं आणि थांबण्याचं धरून आधीच ठरवा, आणि काहीही झालं तरी अर्धे पैसे परत आल्यावरच द्या.