डोळे हलतात, म्हणजे ओळखतात का?

नागपूरच्या धंतोलीत आयसीयूच्या दाराशी गोंदिया-गडचिरोलीहून आलेले घरचे लोक एकच विचारतात, "डॉक्टर, बाबा आमच्याकडे पाहून राहिले ना?" माझं "नाही" त्यांना निष्ठुर वाटतं. तुम्हीही तेच विचारलंत म्हणून नीट सांगतो.

कोमात अनेकदा दोन्ही डोळे मिळून डावी-उजवीकडे सावकाश फिरत राहतात. वाटेत तुमचा चेहरा आला तरी नजर तिथे ठरत नाही. ब्रेनस्टेम, म्हणजे मेंदूचा खालचा देठ, बऱ्यापैकी शाबूत असल्याची ही खूण, म्हणजे चांगलीच. ओळख मात्र नव्हे. डोळ्यांत बारीक झटके दिसले तर ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींची तपासणी, लगेच करावा. अंग स्थिर असूनही मेंदूत फिट चालू असू शकते. कानात बर्फाचं पाणी सोडतो, तोही छळ नाही. पडदा फाटलेला नाही हे पाहून, डोकं 30 अंश उचलून, 50 मिली. ब्रेनस्टेम काम करत असेल तर डोळे त्याच कानाकडे वळतात.

खरी कसोटी बॉबिंगची. डोळे झटक्यात खाली पडतात, मग हळूहळू मध्यावर येतात. न्यूरॉलॉजिस्ट मिलर फिशर यांनी 1964 मध्ये त्याचं वर्णन केलं. घरचे म्हणतात, "हो म्हणून राहिले." बहुधा पॉन्समध्ये, म्हणजे ब्रेनस्टेमच्या मधल्या भागात, मोठा रक्तस्राव असतो, आणि ते सांगावंच लागतं. पण पॉन्सच्याच इजेत माणूस पूर्ण शुद्धीत असून हात, पाय, वाचा, आडवी नजर सगळं बंद पडू शकतं. उरते वर-खाली नजर आणि पापणी. म्हणून गुंगीचं मिडॅझोलाम उतरू द्यायचं, स्नायू लुळे करणाऱ्या व्हेक्युरोनियमचा अंमल संपलाय हे तपासायचं, पापण्या बोटानं उचलायच्या आणि कानाशी त्यांच्याच बोलीत म्हणायचं, "वर पाहा." मग "खाली पाहा." मग "दोनदा डोळे मिटा." बॉबिंग तुमच्या बोलण्यासाठी थांबत नाही. सांगितल्यावरच, आणि पुन्हा सांगितल्यावर पुन्हा झालं, तर आत माणूस जागा आहे.

पूर्वी "रिफ्लेक्स आहे", म्हणजे आपोआप होणारी हालचाल आहे, एवढंच सांगून मी पुढे जायचो. खोटी आशा नको, हे आजही पटतं. पण त्या एका शब्दानं घरचे पाहणंच सोडतात, आणि असा आत जागा असलेला, म्हणजे लॉक्ड-इन, रुग्ण अनेकदा आधी घरच्यांनाच कळतो. दोन्ही खरं आहे. कुठलं आधी बोलावं ते अजून ठरत नाही.

तोवर आरसा आणा. चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर धरून डावी-उजवीकडे, वर-खाली हळू सरकवा. नजर मागोमाग गेली तर वेळ लिहून ठेवा, आणि मला बोलवा.