पेटी विकली जाईपर्यंत ती कोणाचीच नसते

चाच्यांच्या खेळातला खजिना म्हटला की फावडे, जुनाट नकाशा आणि त्यावरची लाल फुली डोळ्यांसमोर येते. रेअर या ब्रिटिश स्टुडिओने मार्च २०१८ मध्ये आणलेल्या ‘सी ऑफ थीव्ज’ या इतर खऱ्या खेळाडूंच्या जहाजांसोबत ऑनलाइन खेळायच्या व्हिडिओ गेममध्ये हे सर्व आहेच, परंतु हा खेळ पुष्कळ खेळल्यानंतर माझे मत असे झाले आहे की खोदकाम ही नुसती प्रस्तावना असून खरा खेळ पेटी वाळूतून वर आल्यावर सुरू होतो. इतर बहुतेक खेळांत सापडलेली वस्तू पिशवीत जमा होते आणि विषय संपतो. येथे मात्र पेटी दोन्ही हातांनी उचलून जहाजापर्यंत न्यावी लागते, तिला कुलूप लावता येत नाही, तिच्यावर कोणाचे नाव लागत नाही, आणि जो ती व्यापाऱ्याच्या हाती देईल सोने त्याच्याच जहाजावरच्यांच्या खात्यात जाते, मग ती खोदली कोणी का असेना.

शोधण्याच्या कामातही कसब आहे. फुलीच्या नकाशावर बेटाचा केवळ आकार असतो, नाव नसते; तो आकार जहाजावरील मोठ्या नकाशाशी ताडून पाहावा लागतो. त्या मोठ्या नकाशावर आपले जहाज दिसते, पण बेटावर उतरल्यावर आपण स्वतः नेमके कोठे उभे आहोत हे कोणी सांगत नाही. कोड्याचे नकाशे तर एकेक ओळ उलगडत जातात: अमुक खडकापाशी कंदील उंचावा, मग ईशान्येला इतकी पावले चाला. होकायंत्र समोर धरले की आपले पात्र मोजून पावले टाकू लागते, आणि ही सोय ठाऊक नसल्यास माणूस अंदाजाने अर्धा किनारा उकरत बसतो.

मग येते वाहतूक. पेटी हातात असताना तलवारही चालवता येत नाही आणि बंदूकही, त्यामुळे किनाऱ्यावर सांगाड्यांची टोळी उगवली तर ती खाली ठेवूनच लढावे लागते. पाण्यात पडलेल्या खेळाडूला जहाजावर पोहोचवणारी जलपरी खजिना मात्र नेत नाही. दोघांपुरत्या स्लूपपासून चौघांच्या गॅलियनपर्यंत जहाज कोणतेही असो, वाऱ्याप्रमाणे शिडे फिरवणे, सुकाणू धरणे, खाली जाऊन नकाशा पाहणे आणि भोकांना फळ्या ठोकणे ही कामे माणसांनीच करायची असतात. गॅलियनची शिडे पूर्ण सोडली की सुकाणूवरच्याला पुढचे दिसेनासे होते; म्हणून नाळेवर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाला, उभे राहून ‘डावीकडे खडक’ असे ओरडणारा एक जण लागतोच.

काही माल स्वतःच उपद्रवी असतो. शोकाची पेटी थांबून थांबून रडते आणि तिच्या अश्रूंनी जहाजाचा तळ भरू लागतो, त्यामुळे एक जण बादली घेऊन तिच्या दिमतीला राहतो. क्रोधाची पेटी तापत जाऊन आग लावते, म्हणून तिच्यावर अधूनमधून पाणी ओतावे लागते. आणि हजार प्याल्यांची पेटी उचलणाऱ्याला अशी झिंग चढते की सरळ फळीवरून चालणेही कठीण व्हावे. व्यापारी संघाच्या कामांत बाटल्या आदळू द्यायच्या नाहीत, रोपांना पाणी घालायचे आणि कापड मात्र कोरडे ठेवायचे. पिंजऱ्यातला साप फुत्कारू लागला तर त्याच्यापुढे वाद्य वाजवून त्याला शांत करावे लागते. मागे शत्रूचे शीड दिसत असताना तळघरात कोणी निवांत बाजा वाजवत बसला आहे, हे दृश्य मला या खेळातले सर्वांत सुंदर दृश्य वाटते.

सर्वांत धोक्याची वेळ बंदराजवळची. नवखे खेळाडू आउटपोस्ट, म्हणजे माल विकण्याचे बंदर, दिसताच धाडकन नांगर टाकतात. तो पुन्हा उचलायला वेळ लागतो आणि नेमक्या त्या वेळेत तोफांचे गोळे येऊन पडतात. मुरलेला क्रू शिडे आवरत आवरत जहाज थांबवतो, नाळ खुल्या समुद्राकडे ठेवतो आणि उतरण्यापूर्वी दुर्बिणीतून क्षितिज फिरून पाहतो. तेवढ्यानेही भागत नाही, कारण कोणी आधीच पोहत येऊन पिंपाचे सोंग घेऊन आपल्याच डेकवर बसलेला असू शकतो. पेट्या गोल्ड होर्डर्स या कंपनीकडे, कवट्या ऑर्डर ऑफ सोल्स या दुसऱ्या कंपनीकडे आणि व्यापारी माल धक्क्यावरच्या दुकानदाराकडे, अशी पायपीट करायची असल्याने सर्वांत किमती वस्तू आधी उतरवावी, असे माझे मत आहे.

येथेच हाव आपले काम करते. एखाद्या कंपनीचा दूत म्हणून झेंडा लावला की लूट मिळवत जाल तशी श्रेणी चढते आणि पाचव्या श्रेणीला विक्रीची किंमत अडीच पट होते. म्हणजे जितके उशिरा विकाल तितका नफा, आणि जहाज बुडाले तर नुकसानही तितकेच मोठे. वर तुमचा झेंडा उचलून रीपर्स बोन्स या कंपनीला विकण्याची सोयही बुडवणाऱ्याला आहे. या कंपनीचे दूत, म्हणजे रीपर, स्वतः मात्र सर्वांच्या नकाशावर दिसतात आणि पाचव्या श्रेणीला पोहोचल्यावर त्यांना इतर दूतांची जहाजे दिसू लागतात. हा तोल फार विचाराने साधलेला आहे.

२०२२ मध्ये जहाजाची कप्तानी आणि तिच्याबरोबर सॉव्हरिन्स हे खरेदीदार आले. धक्क्यालगतच्या हार्पूनने, म्हणजे दोर लावलेल्या भाल्याने, जवळजवळ सर्व माल एकाच ठिकाणी ओढून विकता येऊ लागला. एकट्याने खेळणाऱ्याला ही सोय मोलाची आहे हे मान्य. तरीही पेटी घेऊन चढण चढतानाची धास्ती तिने कमी केली, अशी माझी तक्रार आहे. त्यापेक्षा डिसेंबर २०२३ मध्ये आलेला, परक्या जहाजांशिवायचा ‘सेफर सीज’ हा मार्ग मला अधिक प्रामाणिक वाटतो: जोखीम कमी, म्हणून मोबदलाही कमी.

एवढ्या खटाटोपाने मिळालेल्या सोन्यातून कपडे, शिडे, तलवारीची नक्षी, जहाजाचा रंग असा मुख्यतः शृंगारच घेता येतो. सोन्याच्या मुठीची तलवार नवख्याच्या गंजक्या तलवारीइतकाच घाव घालते आणि तोफांनाही जादा मार मिळत नाही. त्यामुळे सगळी लूट गेली तरी पुढच्या वेळी आपण कोणापेक्षा दुबळे नसतो. लुटणाऱ्याचा पाठलाग त्याच संध्याकाळी करता येतो, आणि त्याने अजून माल विकलेला नसेल तर तो परत मिळवताही येतो.