तुम्ही विचारलंत म्हणून: दुबईचा पैसा गेला कुठं?

“एवढी वर्षं दुबईत काढलीस, मग सोलापुरात एखादा कारखाना का नाही टाकलास बे?” पंगतीत विचारतात, सलूनमध्ये विचारतात. शिकलेले असले की वर आकडे ऐकवतात: जागतिक बँकेच्या अंदाजानं २०२४ मध्ये बाहेरच्या भारतीयांनी १२९ अब्ज डॉलर घरी पाठवले, जगात सगळ्यात जास्त. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीत महाराष्ट्र पहिला. मग सोलापूर असं का?

अहो, त्या आकड्यात अमेरिकेतल्या इंजिनियरचे डॉलर आहेत आणि माझे एसी दुरुस्तीचे दिरहमही. अमेरिकेचा वाटा आता अमिरातीच्या वर गेलाय. ते असू दे.

कारखान्याचे पैसे साठवले होते मी. अक्कलकोट रोडला शेडसुद्धा बघून ठेवलं होतं, मोटर रिवाइंडिंगसाठी. मग २०२० चा एप्रिल आला. इथं माग बंद, विडी कारखाने बंद. आईला विड्या वळायला पान-तंबाखू मिळेना, दादाची मजुरी थांबली. तिकडं कंपनीनं आमचा पगार निम्म्यावर आणला. फोन केला तर दादा म्हणाला, “आमचं चाललंय, तू तुझं बघ.” वहिनींनी फोन ओढून घेतला. “भावजी, ह्यांचं काय ऐकू नका. किराणावाला उधार देईना झालाय. आईंच्या गोळ्या संपल्यात. तुमचं ते शेड आम्ही मेल्यावर बांधणार काय?” मागून दादा ओरडत होता, “त्याला कशाला सांगतीस?” राग आला मला. कुणाचा, ते अजून ठरत नाही. त्याच रात्री पैसे पाठवले, पुढच्या महिन्यात परत, त्याच्या पुढच्याही. शेजारच्या मावशींचा किराणाही त्यातूनच भरला गेला.

त्याच एप्रिलात जागतिक बँकेचा अंदाज होता, भारतात येणारा असा पैसा २३ टक्क्यांनी घटेल. वर्षाअखेर घट निघाली ०.२ टक्के. आमच्या वहिनींना विचारलं असतं तर आधीच कळलं असतं.

फायदा दिसला की येतं ते भांडवल. आमचा पैसा घरची अडचण बघून निघतो. त्यातून कारखाने उभे राहत नाहीत. किराणा भरतो, दवाखान्याचं बिल भरतं, पोरांची फी भरते. हेही काही कमी नाही, पण ते कुणी मोजत नाही.

तरी माझा सत्कार नको. जुळे सोलापूरला माझा प्लॉट आहे. सुट्टी संपत आली होती, मालकानं सांगितला तो भाव दिला. मग त्या ओळीतले बाकीचे प्लॉटही त्याच भावाला गेले. मागावर काम करणारा माझा चुलतभाऊ तिथंच जागा बघत होता. त्याला जमलं नाही. तो बोलत नाही आता. दादाचा पोरगा मागाजवळ फिरकत नाही, व्हिसाची वाट बघत बसलाय.

जाताना वडिलांना सांगून गेलो होतो, “परत येऊन कारखानाच काढतो.” तेव्हाच्या माझ्यातल्या त्या पोराला खडसवावंसं वाटतं: हिशेबात घरचं आजारपण का नाही धरलंस? तो उलट विचारेल, “प्लॉट विकून शेड का नाही घेतलंस?”

काय सांगू? भाव अजून वाढतोय.