कोऱ्या स्वॅबचं पाकीट

मुद्देमाल कारकुनाला घटनास्थळ दिसतं ते पाकिटांतून. आमच्या ठाण्यात मी बरीच वर्षं ते काम केलं. कोयता, मयताच्या अंगावरचे कपडे, व्हिसेऱ्याच्या, म्हणजे शवविच्छेदनात काढलेल्या अवयवांच्या बरण्या, सगळ्याची नोंद करायची, मालखान्यात लावायचं आणि पत्र तयार झालं की पिशव्या घेऊन सीएला निघायचं. प्रयोगशाळेच्या पाटीवर आता न्यायसहायक वगैरे मोठं नाव आहे, पण केमिकल अ‍ॅनालायझरचा सीए पोलिसांच्या तोंडून काही जात नाही. माल कुणी आणि कसा गोळा केलाय ते पाकीट हातात घेतल्याबरोबर समजतं. रक्ताचा ओला शर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत गच्च बांधून आणला की काही दिवसांत बुरशी धरतो, आणि बुरशी धरलेल्या रक्तातून डीएनए मिळायची आशा जवळजवळ सोडावी लागते.

त्यामुळे हवालदार झाल्यावर घटनास्थळ तपासणीच्या प्रात्यक्षिक प्रशिक्षणाच्या यादीत नाव आलं तेव्हा मला बरं वाटलं. बरोबरच्या बऱ्याच जणांना बंदोबस्त सुटला एवढाच आनंद होता.

सुरुवात कायद्याने झाली, तीही पंख्याखाली डुलक्या काढत. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम १७६ (३) प्रमाणे सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी यायचं, पुरावे गोळा करायचे आणि त्याचं चित्रीकरण करायचं. हे राज्यांनी पाच वर्षांच्या आत टप्प्याटप्प्याने लागू करायचं आहे. खुनापुरतंच असेल असं वाटून सगळे निवांत होते. मग सरांनी भारतीय न्याय संहितेचं कलम ३०५ काढलं. राहत्या घरातली चोरी, शिक्षा सात वर्षांपर्यंत. मागच्या बाकावरून वऱ्हाडातले एक जमादार म्हणाले, "म्हंजे सर, दर चोरीले व्हॅन येनार काय?" सर म्हणाले, "व्हॅन येईपर्यंत तुम्ही तिथं काय करता, यासाठीच बोलावलंय तुम्हाला." सर ठसे विभागातून निवृत्त झालेले. आवाज बारीक, पण खोलीत चुकीच्या जागी पाय पडला की लांबूनही ऐकू यायचा.

प्रात्यक्षिकासाठी आवारातल्या जुन्या क्वार्टर्स होत्या. शहाबादी फरशी, लोखंडी कपाट, स्वयंपाकघरात भांडी, आणि आतल्या खोलीत जुन्या गणवेशात चिंध्या भरून केलेला मयत. मेसमधल्या एका मावशींना मयताची आई केलं होतं. त्यांनी असा काही हंबरडा फोडला की पहिल्या गटाचा दारावर उभा केलेला शिपाई बाजूला झाला आणि मावशी थेट मयताच्या उशाशी जाऊन बसल्या. आमच्या गटातल्या एका पोरीने त्यांना दारातच धरलं, "मावशी, इकडं बसा, मी आहे ना," म्हणत ओसरीत नेलं आणि आपल्या बाटलीतलं पाणी दिलं. सरांनी तेवढंच टिपलं: पाणी घरातल्या माठातलं नव्हतं. घटनास्थळाचा नळ, पंखा, मोरी, चार्जिंगचा सॉकेट यांतलं काही आपलं नाही. बाहेर दोरी बांधायची, आत जायला एकच वाट ठरवायची, तीसुद्धा गुन्हेगार ज्या वाटेने आला असेल ती सोडून, आणि कोण किती वाजता आत गेलं त्याची वही दारावर ठेवायची. ठाण्यातले साहेबसुद्धा त्या वहीत सही करतील का, हा प्रश्न कुणी उघड विचारला नाही, पण सगळ्यांच्या मनात होता.

पंचनामा आम्हाला येतो, असा आमचा समज. पंचांची नावं, चतुःसीमा, पूर्वेस रस्ता, पश्चिमेस अमक्याचं घर, हात आपोआप चालतो. "घरातील सामान अस्ताव्यस्त पडलेले दिसून आले," हे वाक्य जवळपास प्रत्येकाच्या कागदात होतं आणि सरांनी प्रत्येकाच्या कागदात त्याखाली रेघ मारली. कपाटाला चार खण होते. सगळ्यात खालचा पूर्ण बाहेर, त्यावरचा त्याहून कमी, वरचा नुसता फटीएवढा. सराईत माणूस खालून वर खण उघडत जातो, म्हणजे आधीचा बंद करायला वेळ जात नाही. वरून सुरुवात केली तर दर वेळी वरचा खण आत ढकलावा लागतो. हे खण आमच्या डोळ्यांसमोर होते आणि आम्ही त्यांना एका शब्दात गुंडाळलं होतं. मग त्यांनी ज्या गोष्टी झालेल्या नाहीत त्या लिहायला लावल्या. मागच्या दाराची कडी आतून लागलेली, कोयंडा शाबूत. खिडकीच्या गजावर धूळ तशीच. गॅस बंद. देवघरातली चांदीची निरांजनं जागेवर. चोर आला असेल तर निरांजनं का सोडली, हे पुढे कुणीतरी विचारणारच, पण ती तिथं होती हे कागदावर नसेल तर विचारणार तरी कसं?

कच्च्या नकाशात एका गटाने मयताचं अंतर खाटेच्या पायापासून मोजलं. आकडे अगदी बरोबर. सरांनी खाट हाताने फूटभर सरकवली आणि म्हणाले, "आता शोधा मयत." दोन पक्के बिंदू, दाराची चौकट आणि भिंतीचा कोपरा, तिथून मोजायचं. फोटोंचं तसंच. आधी लांबून खोली, मग मधल्या अंतरावरून वस्तू आणि तिची जागा, मग जवळून, एकदा पट्टी ठेवून आणि एकदा पट्टीशिवाय, कॅमेरा वस्तूच्या बरोबर समोर धरून. आमचे जवळून काढलेले फोटो झकास होते. वस्तू कुठल्या खोलीतली ते एकावरूनही कळत नव्हतं.

पावडरीचं काम सगळ्यांना आवडलं. घटनास्थळी मिळालेल्या ठशाला ठसेवाले चान्स प्रिंट म्हणतात, आणि स्टीलच्या डब्यावर नुसत्या डोळ्यांना काही नसतं तिथं ब्रश फिरवल्यावर रेषा उमटायला लागल्या की मोठी माणसंही लहान होतात. ब्रशची फक्त टोकं टेकवायची, दांडी दोन बोटांत फिरवायची, रेषा दिसल्या की त्यांच्याच वळणाने जायचं. घासलं की गेलं. हे शास्त्र आपल्याकडचंच आहे असं सरांनी मोठ्या अभिमानाने सांगितलं. १८९७ साली कलकत्त्याला फिंगरप्रिंट ब्युरो निघाला, आणि एडवर्ड हेन्री या इंग्रज पोलीस अधिकाऱ्याच्या नावाने जगभर गेलेल्या ठशांच्या वर्गीकरणामागे अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन बंगाली अधिकाऱ्यांची डोकी होती.

माझं डोकं मात्र अडकलं रक्ताच्या स्वॅबपाशी. सुकलेला डाग असेल तर निर्जंतुक कापसाची काडी डिस्टिल्ड वॉटरच्या थेंबाने ओलावायची, डागावर हलकी फिरवायची, सावलीत वाळवायची, कागदी पाकिटात घालायची. इथपर्यंत ठीक. पुढची पायरी अशी की तशीच दुसरी काडी घ्यायची, तेच पाणी, आणि डागाशेजारच्या स्वच्छ फरशीवर फिरवायची. वेगळं पाकीट, वेगळं लेबल: कंट्रोल. आमच्यातल्या एकाने विचारलं, "काहीच नाही त्याचा नमुना कशाला?" मला एकदम व्हिसेऱ्याच्या बरण्या आठवल्या. विषबाधेच्या केसमध्ये व्हिसेरा मिठाच्या संपृक्त पाण्यात ठेवतात आणि बरोबर त्याच मिठाच्या पाण्याची एक वेगळी बाटली असते. ती मी कितीदा सीएला नेली असेल. विष सापडलं तर ते पोटातलं, मिठाच्या पाण्यातलं नव्हे, हे ती बाटली सांगते. शेजारच्या फरशीचा स्वॅब तेच काम करतो: जे सापडेल ते डागातलं, फरशीचं, पाण्याचं किंवा आमच्या काडीचं नव्हे.

त्याच दुपारी डाग रक्ताचा असू शकतो का ते बघायची फिनॉल्फ्थॅलिनची चाचणी झाली. बोकडाचं रक्त आणलं होतं. स्वॅबवर अल्कोहोलचा थेंब, मग द्रावण, थोडं थांबायचं, मग हायड्रोजन पेरॉक्साइड. काही सेकंदांत काडी गुलाबी. टाळ्या. मग सरांनी आपली एक काडी काढली, द्रावण टाकलं आणि पेरॉक्साइडची बाटली उघडायच्या आतच ती गुलाबी झाली. ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात बुडवून आणली होती. मधे थांबायचं ते यासाठीच. आणि उलट, जास्त वेळ ठेवली तर कोरी काडीही हवेने हळूहळू गुलाबी होते, म्हणून निकाल लगेच वाचायचा. बरं, ही चाचणी बोकड की माणूस हे सांगतच नाही, तेव्हा पंचनाम्यात "मानवी रक्ताचे डाग" लिहायचं नाही. "रक्तासारखे दिसणारे लालसर तपकिरी डाग" लिहायचं आणि पुढचं सीएवर सोडायचं.

बुटाच्या ठशाचा साचा आम्ही पावसाच्या तोंडावर चिखलात घेतला. डेंटल स्टोन, म्हणजे दातांच्या साच्यांसाठी वापरतात ती पावडर, किलोला साधारण साडेतीनशे मिली पाणी, भज्यांच्या पिठासारखं पातळ. थेट ठशावर न ओतता बाजूला चमच्यावर ओतून आत वाहू द्यायचं. अर्ध्या तासात उचलता येतं, पण माती झाडायची घाई करायची नाही, पूर्ण वाळायला एक-दोन दिवस जाऊ द्यायचे. ओतण्याआधी पट्टी ठेवून, टॉर्च जमिनीलगत तिरपा धरून फोटो, कारण साचा फसला तर ठसाही गेला.

चित्रीकरणाची गंमत वेगळीच. झडती-जप्तीचं चित्रण आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे करावंच लागतं. मोठ्या पडद्यावर आमचे व्हिडिओ लावले तेव्हा हत्यार जप्त होताना मागून स्पष्ट ऐकू आलं, "चहा सांगितला का रे?" सगळे हसले. सर नाही हसले. न्यायाधीश हेच ऐकणार आहेत, म्हणाले. शिवाय व्हिडिओबरोबर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू लिहायची, म्हणजे फाइलमध्ये जरा जरी बदल झाला तरी बदलणारा तिचा सांकेतिक क्रमांक. ती भानगड तरुण पोरांनी झटक्यात आत्मसात केली आणि आम्ही त्यांच्या वह्यांतून उतरवून घेतली.

शेवटी खोटं कोर्ट. आरोपीचे वकील झालेले गृहस्थ खरेच वकील होते आणि त्यांना दया नावाचा प्रकार नव्हता. लेबलवर पंचांच्या सह्या कुठे, लाखेच्या सीलचा नमुना पत्रासोबत पाठवला का, पाकीट ठाण्यातून निघाल्यापासून प्रयोगशाळेत पोचेपर्यंत कुणाच्या ताब्यात होतं. हे प्रश्न मला नवे नव्हते, माल नेणारी म्हणून मी खऱ्या कोर्टात उभी राहिले आहे. माझ्या गटाला त्यांनी विचारलं, काडी आधीच दूषित नव्हती कशावरून? आमच्याकडे कोऱ्या स्वॅबचं पाकीट होतं. ते पुढच्या प्रश्नाकडे वळले.

परत आल्यावर पहिली घरफोडी लगेच मिळाली. पांढऱ्या रंगाचं कपाट, काळी पावडर, ठसे छान उठले. मग घरातल्या सगळ्यांचे ठसे मागितले, तर घरमालकीण काकू भडकल्या. "चोरी आमच्याकडे झाली आणि बोटं आमचीच काळी करताय?" त्यांना सांगितलं, तुमचे ठसे बाजूला काढले की उरतील ते चोराचे. काकूंनी मुकाट्याने दहाही बोटं दिली, सुनेला हाक मारली, आणि मला विचारलं की कपाटावरची ही काजळी जाणार कशाने. आधी पाणी लावू नका, म्हटलं, मऊ कोरड्या ब्रशने झटका, मग साबणाच्या फडक्याने पुसा.