जुन्या ईमेलचे स्थलांतर

जुन्या संगणकावरील आउटलुक या ईमेल प्रोग्रॅममध्ये साठवलेले ईमेल नव्या संगणकावरील थंडरबर्ड या दुसऱ्या ईमेल प्रोग्रॅममध्ये आणण्याचे काम आज पूर्ण झाले, याचे मनापासून समाधान वाटते. आउटलुकची पीएसटी फाइल ईमेल, संपर्क आणि कॅलेंडर एकत्रच बाळगते, तर थंडरबर्ड सहसा प्रत्येक फोल्डरसाठी साध्या मजकुराची एमबॉक्स फाइल ठेवते, जी नोटपॅडमध्ये उघडली तरी पाठवणाऱ्याचा पत्ता आणि तारीख वाचता येते. म्हणूनच दीर्घकाळ जपायच्या पत्रव्यवहारासाठी मला हाच प्रकार अधिक भरवशाचा वाटतो. दोन्ही प्रोग्रॅममध्ये एकच आयमॅप खाते (ज्यातील ईमेल सर्व्हरवर राहतात आणि अनेक प्रोग्रॅममधून दिसतात) जोडून आउटलुकमधील फोल्डर त्यात कॉपी केले आणि ते थंडरबर्डमध्ये जसेच्या तसे उतरले, अगदी अटॅचमेंटसह. (सर्व्हरवर पुरेशी जागा आहे ना, हे मात्र आधी पाहावे.) प्रत्येक फोल्डरमधील ईमेलची संख्या जुळवून पाहीपर्यंत मूळ पीएसटी फाइल मी पुसणार नाही.