नऊचा अलार्म

काल रात्री ९ ला अलार्म वाजला आणि मी सवयीने पाण्याचा ग्लास भरून उभी. गोळी कुठंय? टॅमॉक्सिफेन, स्तनाचा कॅन्सर परत येऊ नये म्हणून घ्यायची ती गोळी, बाळासाठी परवाच बंद झालीय. अडीच वर्षं रोज २० मिलिग्रॅम, तापातसुद्धा चुकवली नव्हती. नवरा म्हणाला अगं कर ना आता बंद तो अलार्म, साधंच बोलला होता, पण मी त्याच्यावर अशी काही ओरडले की... जाऊ दे.

मग रात्रभर डोक्यात एकच, ही हाव तर नाही ना? जीव वाचला तेवढं पुरे नव्हतं का मला?

डॉक्टरांनी 'पॉझिटिव्ह' नावाची ट्रायल समजावून सांगितली होती, माझ्यासारख्याच हार्मोन पॉझिटिव्हवाल्या, म्हणजे हार्मोन्सवर वाढणारा कॅन्सर झालेल्या, ४२ पर्यंतच्या ५०० वर बायका, १८ ते ३० महिने गोळ्या घेऊन मग बाळासाठी थांबलेल्या. ३ वर्षांत कॅन्सर परत आला ८.९ टक्क्यांना, आधीच्या अभ्यासांतल्या न थांबलेल्यांमध्ये ९.२. पाठ झालंय सगळं. पण ते आकडे ३ वर्षांचे आणि माझी भीती जन्माची, ती कशी मोजायची?

त्यात आता हे ३ महिने. औषध अंगातून पूर्ण जाईपर्यंत दिवस राहता कामा नयेत, बाळाला धोका असतो. म्हणजे गोळी पण नाही आणि बाळाची वाट बघायची पण सोय नाही. बाकीच्यांचं कसं, दोघांनी ठरवलं की झालं, आणि मला आधी ऑन्कोलॉजिस्टचा होकार लागतो, खूप रडू आलं काल या एका गोष्टीवर.

पहाटे कधीतरी ते केमोआधीचे दिवस आठवले. पोटात इंजेक्शनं, एग्ज फ्रीज करायची घाई, मी नुसती केसांसाठी रडत होते आणि ताई सह्या कुठे करायच्या ते दाखवत होती. तेव्हा कुणालाच ती हाव वाटली नव्हती, मलाही नाही. मग आत्ताच का वाटावी? भीतीच असेल ती. भीती वाटू दे, ती काय इतक्यात जाणारे थोडीच.

अलार्म तसाच ठेवलाय. आज ९ ला वाजला, आता फॉलिक ॲसिड असतं. मी उठायच्या आत त्याने ग्लास भरून ठेवला होता, कालचं कोणीच काही बोललं नाही.